लॉक-ह्यूम वाचताना या चुका टाळा

अनुभववादावरचं, म्हणजे ज्ञानाचा उगम अनुभवात आहे या मतावरचं, परीक्षेतलं उत्तर बहुधा एकाच जागी बिघडतं. ज्ञान येतं कुठून आणि पोचतं कुठवर, हे दोन प्रश्न एकच धरले जातात. इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मानवी आकलनावरच्या १६८९ च्या निबंधात ते वेगळे आहेत: उगम दुसऱ्या खंडात, मर्यादा चौथ्यात. मुलं दुसऱ्यातला ‘कोरा कागद’ पाठ करतात, चौथा उघडतच नाहीत आणि ‘सगळं ज्ञान इंद्रियांतून मिळतं’ असं लिहून मोकळी होतात. लॉकच्या मते कल्पना दोन वाटांनी येतात: संवेदन, आणि मनाने आपल्याच व्यापारांकडे पाहणं. शिवाय हा झाला कच्चा माल. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, हे तो मोजून नाही, सिद्धतेने ठरवतो. सोन्याचं आतलं स्वरूप मात्र, त्याच्या हिशेबाने, सराफ्यातल्या जुन्या सोनारालाही कळलेलं नसतं.

आता लॉकनंतरचा अनुभववादी डेव्हिड ह्यूम. त्याची कसोटी करून पाहा. संशयास्पद शब्द घ्या, त्याच्या साध्या कल्पना सुट्या करा, प्रत्येकीचा मूळ ठसा (इम्प्रेशन), म्हणजे ती जिथून आली तो जिवंत अनुभव, शोधा. ‘सोन्याचा राजवाडा’ लगेच सुटतो: सोनं पाहिलंय, सात मजली राजवाडाही. आता ‘कारण’ घ्या. पोह्यांच्या फोडणीत तेल आधी तापतं, मोहरी त्याला लागून असते, दरवेळी तडतडते. इतकं दिसतं. ‘तडतडणं भागच होतं’ हे कढईत कुठेच दिसत नाही. त्याचा ठसा मनात सापडतो, सवयीने लागलेल्या अपेक्षेत. उद्याही असंच होईल हे अनुभवाने सिद्ध करायला गेलात, तर ‘पुढचं मागच्यासारखंच असतं’ हे आधीच गृहीत धरावं लागतं.

यावरून ‘ह्यूम कार्यकारणभाव नाकारतो’ असं लिहू नका. तो म्हणतो, तर्क हे सिद्ध करू शकत नाही. त्याच्या १७४८ च्या ग्रंथाचं चौथं प्रकरण शंका मांडतं, पाचवं सवयीचं उत्तर देतं. चौथ्यावर थांबलं की ही चूक होतेच. पुढे सातवंही वाचा.

इंदूरच्या मराठी मुलांची आणखी एक अडचण. वर्गातल्या हिंदी टिपणांत ठशाला ‘संस्कार’ म्हटलेलं असतं. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या तर्कप्रधान शाखेत, संस्कार अनुभवानंतर मागे उरतो आणि त्यातून स्मृती होते. ह्यूमचा ठसा म्हणजे तो मूळचा जिवंत अनुभवच. क्रम उलटा होतो. मराठीत लिहिताना ‘ठसा’च वापरा, आणि हिंदीतल्या ‘प्रत्यय’ला ‘कल्पना’.

लॉक आणि ह्यूम यांच्या मधला अनुभववादी बर्कली, त्याच्याबद्दलही अशीच चूक होते. तो टेबल नाकारत नाही. टेबलामागचं, कुणालाच न जाणवणारं जडद्रव्य नाकारतो.