‘काही मोठा आजार?’ विचारलं आणि फसलो

नेत्रविभागातल्या रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष. पन्नाशीच्या एक मावशी आल्या, महिनाभर डाव्या डोळ्यासमोर पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. फंडसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूला, मॅक्युलाजवळ (पडद्याच्या मध्यभागाजवळ) पिवळसर, पसरट उंचवटा, रेटिनाखाली (पडद्याखाली) पाणी. ‘काही मोठा आजार? बीपी, शुगर?’ ‘नाही बाई काही.’ टीबीसाठीची मॅंटू ही त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली, मी ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ) लिहून मोकळा झालो. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. सहा आठवड्यांनी गाठ वाढलेली.

मग आमच्या मॅडमनी मुलाला बाहेर पॅसेजमध्ये नेलं. चार वर्षांपूर्वी आईच्या स्तनातली गाठ काढली होती. ती कॅन्सरची होती, आणि डोळ्यातली गाठ म्हणजे तोच कॅन्सर पसरलेला. आईला मात्र ‘साधी गाठ’ एवढंच सांगितलेलं. पुढे चालू ठेवायच्या हार्मोनच्या गोळ्या घरात ‘ताकदीच्या गोळ्या’ झाल्या, आणि ताकद आली म्हणून मावशींनी त्या दोन वर्षांत बंद केल्या.

म्हणून ज्युनिअरना परत परत सांगतो, ‘कॅन्सर झाला होता का’ या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर मिळत नाही. कुठली गाठ काढली होती का, शेक (रेडिएशन) घेतले का, केस गळले होते का, कुठल्या गोळ्या मधेच सोडल्या, असं विचारा. पेशंटला विचारा, मग नातेवाइकाला वेगळं विचारा. जुनी फाइल मागवा, घरी पत्र्याच्या पेटीत असते ती. आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुलीही मोठी करा. ‘एसटी चुकेल’ म्हणाल्या म्हणून मी उजवा डोळा सोडला होता. मॅडमनी बघितला तर कडेला तसेच दोन ठिपके.

आपल्या देशात मॅंटू पॉझिटिव्ह येणं म्हणजे काहीच सिद्ध होणं नाही. ‘एकेटी लावून बघू’ हा माझ्या मते आपल्या क्षेत्रातला सगळ्यात आळशी शॉर्टकट. फंडसचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकून निदान मागणं हा दुसरा.

घाबरू नका मात्र. डोळ्यातल्या मेटास्टेसिसची (दुसरीकडून पसरून आलेल्या कॅन्सरची) जागा बहुतेक वेळा कोरॉइडच, म्हणजे रेटिनाखालचा रक्तवाहिन्यांचा थरच असते, कारण तिथला रक्तपुरवठा भरपूर. मूळ आजार बहुधा स्तनाचा किंवा फुप्फुसाचा. बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीत) ही गाठ पसरट आणि आतून बऱ्यापैकी चमकणारी दिसते, मेलॅनोमा (डोळ्यातच सुरू होणारा रंगपेशींचा कॅन्सर) आतून काळसर. ओसीटीवर (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर) पृष्ठभाग खडबडीत. हे हाताला लागतं हळूहळू. पण सुमारे एक तृतीयांश पेशंटना आधी कॅन्सरचं निदानच झालेलं नसतं, हेही खरं. त्यांच्या बाबतीत डोळाच पहिली खबर देतो, म्हणून इतिहास कोरा असला तरी छातीचा सीटी आणि स्तनांची तपासणी सोडू नका. बायोप्सी शक्यतो शरीरातल्या सोप्या जागेतून घ्यावी, डोळ्यात सुई शेवटी.

उपचारांबद्दल ‘आता काय उपयोग’ म्हणणारे सीनिअर भेटतील, ऐकू नका. बाहेरून रेडिएशन दिलं की बहुतेकांची गाठ आक्रसते. एकच छोटी गाठ असेल तर प्लाक (डोळ्याला बाहेरून काही दिवस लावायची किरणोत्सारी चकती) आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राने रुथेनियम-१०६ ची प्लाक इथेच बनवली आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल सापडला, तर नुसत्या गोळ्यांनीही कोरॉइडमधली गाठ विरू शकते. म्हणून ऑन्कोलॉजिस्टला फोन त्याच दिवशी करा, चिठ्ठी देऊन पाठवू नका.

मावशींना रेडिएशन दिलं, हार्मोनचे उपचार पुन्हा सुरू झाले. तीन महिन्यांत पाणी उतरलं, चार्टवरच्या दोन ओळी जास्त वाचल्या. तोवर त्यांना सगळं सांगून झालं होतं. खुर्चीवरून उठता उठता मुलाला म्हणाल्या, ‘तेव्हाच सांगितलं असतंस तर गोळ्या सोडल्या असत्या का रे मी?’