रिकाम्या किलोमीटरचा हिशेब
स्वतःच्या ट्रेलरवरून मोटारगाड्या पोहोचवण्याचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याने भाडे ठरवताना केवळ गाड्या लादून कापलेले अंतर धरू नये, तर पुढच्या गाड्या उचलण्यासाठी रिकामे धावावे लागणारे अंतरही त्यात मिळवावे. समजा, 600 किलोमीटरची फेरी चांगल्या दराने मिळाली, पण नंतर 400 किलोमीटर ट्रेलर रिकामा न्यावा लागला, तर मिळालेली रक्कम 600 ने नव्हे, 1000 ने भागावी लागते आणि प्रति किलोमीटर उत्पन्न 40 टक्क्यांनी घटते. त्यातून इंधन, टायर, विमा, टोल, कर्जाचा हप्ता आणि चालकाचे वेतन वजा करावे. मालक स्वतःच चालक असला तरी हे वेतन वगळू नये, कारण माझ्या मते नफ्याचा खोटा भास सर्वाधिक याच चुकीमुळे होतो. परतीचे भाडे शक्यतो निघण्यापूर्वीच ठरवावे. इंधन आणि टोल निघून काही रक्कम हाती उरत असेल, तर थोडा कमी दरही स्वीकारावा. गाडी चढवताना आणि उतरवताना सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत आणि आधीचे ओरखडे पावतीवर नोंदवून त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी, म्हणजे जुन्या नुकसानीची भरपाई आपल्या खिशातून जात नाही.