सुपरहिरो कॉमिकच्या नव्या अंकाचं परीक्षण कसं लिहावं

अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचा नेहमीचा अंक 32 पानांचा. त्यात कथेची पानं 20 ते 22, बाकीच्या जाहिराती. पंधरा मिनिटांत वाचून होतो, आणि घोळ तिथेच होतो. एवढ्या घाईत वाचलं की लक्षात राहतं ते फक्त कथानक. मग परीक्षणाच्या चारशे शब्दांतले तीनशे ‘आधी हा आला, मग त्याने मारलं’ यातच खर्ची पडतात. कथा तीन-चार वाक्यांत आटपा. उरलेली जागा पानांवर काय चाललंय त्यासाठी ठेवा.

अंक निदान तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसता, वाचकासारखा. कुठे हसू आलं, कुठे मागचं पान पुन्हा पाहावं लागलं, एवढंच ध्यानात ठेवा.

दुसऱ्यांदा संवादाच्या फुग्यांकडे ढुंकूनही पाहू नका. नुसत्या चित्रांवरून कोण कुठे उभं आहे, कोणी कोणाला फेकलं, हे कळतं का? मारामारीत सर्वात जास्त गडबड दिशेची होते. समजा, नायक डावीकडून उजवीकडे झेपावतोय आणि पुढच्याच चौकटीत, मधे काही न दाखवता, तो उजवीकडून डावीकडे येताना दिसतो. वाचकाला क्षणभर वाटतं की हा शत्रूच. असं काही सापडलं की पानाचा आकडा टिपून ठेवा. जागा बदलली की ती पूर्ण दाखवणारी एक तरी मोठी चौकट आहे का, तेही पाहा. शेवटच्या पाच-सहा पानांत चेहऱ्यांमागे नुसताच सपाट रंग उरला असेल तर बहुधा मुदत आडवी आलेली असते. महिन्याला 20 पानं म्हणजे कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी एक पान. श्रेयनामावलीत शाई करणाऱ्यांची, म्हणजे पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवणाऱ्यांची, दोन-तीन नावं दिसली तर हा संशय बळावतो. पण पुरावा नसताना ‘घाईत उरकलंय’ असं लिहू नका. ‘पान 15 पासून पार्श्वभूमी गायब होते’ एवढं पुरेसं आहे.

तिसरं वाचन शब्द आणि चित्र एकत्र धरून. चित्रात दार मोडून पडलेलं दिसतंय आणि वर निवेदनाच्या पट्टीत ‘त्याने दार तोडलं’ असंही लिहिलंय, तर लेखकाचा चित्रकारावर विश्वास नाही. फुग्यांचा क्रमही तपासा. आधी बोलणारा डावीकडे हवा; नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना ओलांडतात आणि उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. एका फुग्यात पंचवीसच्या वर शब्द दिसू लागले की मोजायला घ्या.

पान उलटण्याची जागा बहुतेक परीक्षणांतून सुटते. छापील अंकात पान 1 उजवीकडे येतं, मग 2 आणि 3 समोरासमोर. म्हणून धक्का द्यायचा तो सम आकड्याच्या पानावर, उलटल्यावर दिसेल असा. विषम पानावर दिला तर डोळा आधीच तिथे जाऊन पोचलेला असतो. अर्थात मधे जाहिरात आली की कथेची पानं सरकतात, त्यामुळे छापील प्रत हातात नसताना यावर ठाम बोलू नका. पडद्यावर एकेक चौकट मोठी करून वाचत असाल तर दोन पानांवर पसरलेलं चित्र तुकड्यांत दिसतं; परीक्षणासाठी अख्खं पान उघडा. रंगांचंही तसंच. पडद्यावर उठून दिसणारं रात्रीचं दृश्य कागदावर काळपट होऊ शकतं. प्रत कोणती वाचली, ते एका ओळीत सांगून टाका.

लिहिताना ‘चित्रं अप्रतिम आहेत’ हे वाक्य खोडा. त्याजागी असं काही हवं: ‘आईच्या खोलीतल्या चारही चौकटी एकाच कोनातून काढल्या आहेत, बदलतो तो फक्त खिडकीतला उजेड, तिने किती वेळ वाट पाहिली ते एका शब्दाशिवाय कळतं.’ आणि उजेडाचं श्रेय रंगकाराला द्या! पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं ही बहुतेकदा वेगवेगळ्या माणसांची कामं असतात, पण कौतुक मात्र लेखक आणि पेन्सिलवाल्यापाशीच संपतं. मुखपृष्ठावरून आतल्या चित्रांची पारख करू नका. पर्यायी मुखपृष्ठं (त्याच अंकाला दिलेली वेगळी मुखपृष्ठं) तर सोडाच, मूळ मुखपृष्ठही अनेकदा दुसऱ्याच चित्रकाराचं असतं.

अंक मालिकेत कुठे बसतो ते पाहून मोजपट्टी बदला. कथानकं अनेकदा पाच-सहा अंकांची बेतलेली असतात, कारण पुढे त्यांचं एकत्रित पुस्तक निघतं. चौथ्या अंकात पात्रांची ओळख करून दिली नाही ही तक्रार फोल आहे. पहिल्या अंकात नायकाला काय हवंय हेच कळलं नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. काही अंकांवर दोन क्रमांक असतात, एक चालू मालिकेचा आणि दुसरा जुन्या सलग मोजणीचा. परीक्षणात चालू मालिकेचा द्या, नाहीतर वाचक भलताच अंक शोधत बसेल.

नवे अंक बुधवारी येतात. डीसीने (बॅटमॅन-सुपरमॅनच्या प्रकाशकाने) 2020 मध्ये मंगळवार धरला होता, 2024 मध्ये तेही बुधवारी परतले. दुकानदारांना अंतिम मागणी अंक यायच्या साधारण तीन आठवडे, काही प्रकाशकांच्या बाबतीत त्याहूनही आधी नक्की करावी लागते. म्हणजे मासिक मालिकेचा पहिला अंक आल्यावर आठवडाभरातच दुसऱ्याची मागणी बंद व्हायला येते, किंवा झालेलीही असते. नव्या मालिकेचं परीक्षण त्याच आठवड्यात आलं तर तिला काही उपयोग. महिन्याने आलं तर दुसरा अंक किती मागवायचा ते ठरून गेलेलं असतं.

रहस्यफोडीची मर्यादा सोपी ठेवा. प्रकाशकाने आगाऊ जाहीर केलेल्या मजकुरात आहे ते खुलं, शेवटच्या पानावरचं बंद. त्यावर बोलल्यावाचून चालणारच नसेल तर आधी ठळक इशारा द्या, आणि त्या पानाचं चित्र वर लावू नका.