गावच्या पोरांना कबड्डी शिकवायला घेताय तर हे वाचा

आपल्याकडे कोच बहुतेक असेच तयार होतात. एखादा चांगला खेळलेला पोरगा नाहीतर पोरगी शिक्षण झाल्यावर गावातच थांबते, संध्याकाळी झेडपी शाळेच्या मैदानावर पोट्टे जमलेलेच असतात अन् सगळे म्हणतात, आता तुम्हीच शिकवा. यात काही कमीपणा नाही. फक्त खेळता येणं अन् शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत हे पहिल्याच दिवशी पक्कं करा. जो अंगानेच चपळ असतो त्याला बॅक किक (मागे पाय मारून गडी टिपायचा डाव) कशी बसते ते सांगताच येत नाही, तो म्हणतो "अबे मार ना, अशी", अन् समोरचा बारा वर्षांचा पोरगा नुसता पाहत राहतो.

म्हणून पहिला आठवडा कमी बोला अन् लय पाहा. एक शाळेची वही घ्या, प्रत्येक पोरासाठी एक पान. रेडला म्हणजे चढाईला जाताना पहिला पाय कोणता टाकतो, परत येताना पाठ दाखवतो का, पकड करताना डोळे मिटतो का, आउट झाल्यावर कोणाकडे पाहतो, सगळं लिहा. अन् एक पान त्या पोरांसाठी जे रोज येतात पण मागेच उभे राहतात, कारण माझ्या मते कोचची खरी परीक्षा तिथंच होते. टीममधला पहिला रेडर तुमच्याशिवायही खेळेल, पण हा मागचा पोरगा पुढच्या वर्षी मैदानावर दिसेल की नाही ते तुमच्यावर आहे.

आता तासाचं बघू. बहुतेक गावात प्रॅक्टिस म्हणजे दोन राउंड पळायचं अन् लगेच मॅच लावायची. जरा हिशेब करा, एक रेड फार तर 30 सेकंदांची, म्हणजे 20 मिनिटांच्या हाफमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण 40 रेड होतात अन् त्यातल्या बहुतेक त्याच तीन-चार पोरांच्या असतात. बाकीचे संध्याकाळभर नुसते साखळी धरून उभे. त्यापेक्षा ग्राउंडचे चुन्याने तीन पट्टे आखा, प्रत्येक पट्ट्यात तीन विरुद्ध तीन, सगळे पट्टे एकाच वेळी सुरू, अन् नियम असा की प्रत्येकाने पाळीपाळीने रेड टाकायचीच. तेवढ्याच वेळात तिप्पट रेड होतात अन् "सर, मले रेड द्या ना" हे ऐकू येणं बंद होतं. पूर्ण सात-सातची मॅच शेवटच्या पंधरा मिनिटांत ठेवा. वॉर्मअपला लंगडी अन् शिवाशिवी घ्या, पाय, तोल अन् दम तिन्ही त्यातच तयार होतात आणि लहान पोरं हसत गरम होतात.

नवीन डाव शिकवायचा तर तुकडे करून शिकवा. अँकल होल्डच (घोट्याची पकड) घ्या, कारण चुकीचा शिकवला तर दात पडायची भीती असते. आधी एकदा स्वतः करून दाखवा, तोंडाने काही न बोलता, कारण पोरं एक तर पाहतील नाहीतर ऐकतील. मग रेडरला नुसतं चालायला लावा अन् कॉर्नरवाल्याला (साखळीच्या टोकावरच्या गड्याला) सांगा की हाताकडे पाहू नको, हात फसवतात, तू कमरेकडे अन् पुढच्या पायाकडे पाहा. रेडरचा भार ज्या क्षणी पुढच्या पायावर येतो तेव्हाच आत शिरायचं, दोन्ही हातांनी घोटा लॉक करून आपल्याकडे ओढायचा, अन् डोकं त्याच्या गुडघ्याच्या रेषेत न ठेवता बाजूला घ्यायचं. डोक्याची ही गोष्ट रोज तपासा. चालत्या रेडरवर जमलं की अर्ध्या स्पीडने, मग पूर्ण स्पीडने, अन् शेवटी कव्हरवाल्याला (साखळीत आतल्या बाजूला उभ्या गड्याला) मदतीला आणा. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर आधी पाणी मारून ग्राउंड सारखं करून घ्या, वाळलेल्या ढेकळांवर पकडीचा सराव घेऊच नका.

चूक सांगताना एका वेळी एकच. पोराच्या पकडीत पाच चुका दिसत असतील तरी जी दुरुस्त केल्यावर बाकीच्या दोन-तीन आपोआप कमी होतात ती निवडा, बहुतेक वेळा ती पायाची ठेवण असते. आणि शब्द असे वापरा की पोराला करता येईल. "लक्ष दे बे" याचा अर्थ त्याला काय करायचं ते समजत नाही, "टाच उचलून उभा राह" हे समजते. शाबासकीचंही तसंच, नुसतं "लय भारी" म्हणण्यापेक्षा "आता तू थांबून शिरला, घाई नाही केली" असं म्हटलं तर तो उद्या तेच पुन्हा करतो. कधी विचारून पाहा, "काहून सुटला तो?" अन् उत्तराची वाट पाहा. सुरुवातीला मान खाली घालतील, महिन्याभराने बरोबर सांगायला लागतात. शिवी अन् मार मात्र अजिबात नको. भीतीने पोरगा तुमच्यासमोर बरोबर करतो, मॅचमध्ये अडकला की तुमच्याकडेच पाहत बसतो.

उन्हाळी शिबिर घेत असाल तर अकोला, चंद्रपूरकडचं ऊन ध्यानात ठेवा, तिथं पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सकाळी सहाला सुरू करून साडेसातला बंद म्हणजे बंद. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर अन् त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, हे मैदानावर रोज तयार ठेवा. पोरगा अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर सावलीत घ्या, अंगावर पाणी टाका, मानेला, काखेत ओलं फडकं ठेवा अन् 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी टाकू नका. डोक्याला डोकं लागून चक्कर आली, उलटी झाली तर त्या दिवशी खेळ संपला अन् थेट दवाखाना, फायनल असली तरी. वजनगटाच्या सामन्यांसाठी पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहतात, पाणी सोडतात, हे बंद करा, त्याला वरच्या गटात खेळवा. वाढीच्या वयातल्या पोराचं वजन कमी करून मिळालेली ढाल काही कामाची नाही.

मुलींची टीम असेल तर गावातली एखादी ताई किंवा मॅडम रोज सोबत असू द्या, परत जायची वेळ ठरवून घरी सांगा, पाळीच्या दिवसांत कोणीच जबरदस्ती करायची नाही. पकड शिकवताना मुलींच्याच जोड्या लावा अन् हात लावून दुरुस्त करायची गरज पडली तर ते काम ताईंना द्या.

सोयाबीन सोंगणी अन् कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं येणार नाहीत, त्यांच्यावर चिडू नका. घरी जाऊन बसा, चहा घ्या, बाबांना विचारा की आठवड्यातून कोणते दोन दिवस जमतील. खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे हे सांगा, पण नोकरी लागेलच असं वचन देऊ नका.

स्वतः पुढं शिकायचं असेल तर विदर्भातल्यांना अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळच आहे, याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं, तिथं शारीरिक शिक्षणाचे कोर्स चालतात. पतियाळाच्या एनआयएसमध्ये (राष्ट्रीय क्रीडा संस्थेत) कोचिंगचा डिप्लोमा आहे अन् सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे.

मॅचच्या दिवशी नवीन काही शिकवू नका. बाजूला उभं राहून प्रत्येक रेडला ओरडत राहिलं की पोरांना कोणाचं ऐकावं ते समजत नाही, लोकही ओरडतच असतात. हाफटाइमच्या पाच मिनिटांत आधी दोन मिनिटं पाणी अन् श्वास. मग कॉर्नरवाल्यांना विचारा की समोरचा रेडर कोणत्या बाजूने जास्त येतो, त्यांनी सांगितलं की त्यावर एकच गोष्ट ठरवा, समोर तीनच खेळाडू उरले तर सुपर टॅकल (तीन किंवा कमी गड्यांनी केलेली, जास्तीचा गुण देणारी पकड) टाळायची, की डावा कव्हर थोडा आत ठेवायचा, अन् त्यांना परत पाठवा.