घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्वस्तात कॉम्प्युटर घेताय? मग या चुका टाळा

माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या लॅपटॉपवर गाणं सोडून सगळं झकास चालायचं. गेम चालायचे, व्हिडिओ एडिट व्हायचे, कीबोर्डखाली रंगीबेरंगी दिवे पण होते, आणि ट्रॅक रेकॉर्डिंगला तयार करून गायला लागलो की दर आठ-दहा सेकंदांनी हेडफोनमध्ये 'टक्'. कधी 'टक्', कधी 'खर्र'. दोन आठवडे मी केबल बदलत बसलो, मग मित्राचा माइक आणला, मग इंटरफेसला (म्हणजे माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाला) शिव्या घातल्या, आणि शेवटी कळलं की घोळ ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आहे. म्हणजे ज्या वस्तूसाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले आणि जिचा रेकॉर्डिंगला काडीचा उपयोग नाही, तीच नडत होती!

हे असं का होतं ते एकदा डोक्यात बसलं की खरेदीतल्या निम्म्या चुका आपोआप टळतात, म्हणून आधी तेवढं सांगतो. आवाज कॉम्प्युटरमध्ये सलग वाहत नाही, छोट्या छोट्या तुकड्यांत जातो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मापं) बफर १२८ मापांचा ठेवला तर एक तुकडा साधारण २.७ मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे कॉम्प्युटरला सेकंदाला ३७५ वेळा तुकडा घ्यायचा, त्यावर सगळे प्लगइन (इक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब असली आवाज बदलणारी छोटी सॉफ्टवेअर) चालवायचे आणि वेळेत परत द्यायचा. तीन मिनिटांच्या गाण्यात असे साडेसदुसष्ट हजार तुकडे होतात आणि त्यातला एक जरी उशिरा आला तरी तुम्हाला 'टक्' ऐकू येणार. थोडक्यात, तबलजी कितीही तयारीचा असू दे, समेवर उशिरा आला की सगळं फुकट. गेमिंगला किंवा व्हिडिओला सरासरी वेग चालतो, एखादी फ्रेम गळली तर कोण बघतंय, पण आवाजात ती चूक कानात टोचते. त्यामुळे जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा बघून मशीन घेणं हीच मुळात पहिली चूक.

ग्राफिक्स कार्डावर पैसे घालवणं

माझं वर सांगितलंच. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला, म्हणजे डॉला (DAW), प्रोसेसरमधलं साधं इनबिल्ट ग्राफिक्स पुरतं. वेगळं कार्ड म्हणजे जास्त उष्णता, जास्त फॅन, आणि वर एक भलामोठा ड्रायव्हर जो मध्येच प्रोसेसर अडवून बसू शकतो. गेमही खेळायचे असतील तर घ्या बापडे, पण रेकॉर्डिंगला बरं म्हणून घेऊ नका.

नावावर आणि कोअर मोजून प्रोसेसर घेणं

'आय सेव्हन आहे ना, मग झालं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. उदाहरण बघा, इंटेलचा लॅपटॉपमधला आय७-७५०० यू हा दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) आहे, आणि त्याच्या पुढच्या पिढीतला आय५-८२५० यू हा चार कोअरचा. म्हणजे जुना आय सेव्हन जास्त पैसे देऊन घेतला तर आय फाइव्हपेक्षा निम्मे कोअर पदरात पडतात. नावापुढची पिढी आणि शेवटचं अक्षर दोन्ही वाचा. यू असेल तर तो बॅटरी वाचवणारा, एच असेल तर जोरकस पण गरम होणारा.

आता कोअरचं पण एक आहे. डॉ वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटून देतो, पण एकाच ट्रॅकवरची प्लगइनची साखळी वाटता येत नाही, कारण इक्यूमधून बाहेर आलेला आवाज कंप्रेसरला हवा असतो आणि कंप्रेसरचा रिव्हर्बला, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याचं सुरू कसं होणार. म्हणून मग असं होतं की टास्क मॅनेजर ३० टक्के दाखवतोय आणि इकडे आवाज फाटतोय, कारण एकच कोअर गळ्यापर्यंत भरलाय. घरच्या कामाला दहा ढिल्या कोअरपेक्षा चार-सहा चपळ कोअर परवडले. प्रोसेसरांची तुलना करताना सिंगल कोअरचा स्कोअर आधी बघा, मल्टी कोअरचा नंतर.

आणि अगदी सडपातळ लॅपटॉप असेल तर पहिली पाच मिनिटं तो मस्त पळतो, मग तापला की स्वतःच वेग कमी करतो. दुकानात पाच मिनिटं वापरून हे कळत नाही, घरी चौथ्या टेकला कळतं.

रॅम आणि डिस्क

यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मला त्यात फार दम वाटत नाही. गळा, गिटार, दोन-चार ट्रॅक एवढंच करायचं तर ८ जीबीत होतं, सॅम्पल लायब्ररीतले (खऱ्या वाद्यांचे आधीच रेकॉर्ड केलेले) पियानो-स्ट्रिंग्ज वाजवायचे तर १६ पाहिजेच. फक्त एक बघा, रॅम बोर्डाला सोल्डर केलेली आहे का. असेल तर नंतर वाढवता येणार नाही, तेव्हा जी हवी ती आत्ताच घ्या.

डिस्कचं गणित तर ऐकून हसाल. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ केबी घेतो, मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. सोळा ट्रॅक एकदम रेकॉर्ड केले तरी सेकंदाला अडीच एमबीसुद्धा होत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला पण हे जमतं, त्यामुळे 'रेकॉर्डिंगसाठी सगळ्यात फास्ट एनव्हीएमई एसएसडी लागते' हे कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. एसएसडी घ्याच, पण ती मशीन चटकन सुरू व्हावं, सॅम्पल पटापट लोड व्हावेत आणि डिस्क फिरण्याचा आवाज नको म्हणून. साधी, हळू जोडणीची साटा एसएसडी भरपूर झाली.

फॅनचा आवाज विसरणं

स्पेसिफिकेशनच्या यादीत नसलेली आणि रेकॉर्डिंगमध्ये मात्र कायमची बसणारी गोष्ट म्हणजे ही. कंडेन्सर माइक दोन फुटांवरचा लॅपटॉपचा फॅन आरामात पकडतो, आणि तुम्ही नंतर कंप्रेसर लावला की गाण्याच्या मधल्या शांत जागा वर उचलल्या जातात आणि त्यासोबत फॅनपण वर येतो. नॉइज रिडक्शनने काढता येतो म्हणतात, येतो पण, फक्त थोडा गळाही सोबत जातो.

बजेट कमी असेल तर मला स्वतःला जुना ऑफिसातला डेस्कटॉप सगळ्यात पटतो, ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर, एलिटडेस्क असले कंपन्यांतून निघालेले डबे. दिसायला कंटाळवाणे, पण लॅपटॉपपेक्षा थंड राहतात, रॅम-डिस्क बदलता येते, आणि मुख्य म्हणजे डबा टेबलाखाली लांब ठेवता येतो. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे इंटरफेस तुमच्याजवळ आणि डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला. लॅपटॉपच हवा असेल तर फॅन नसलेला बघा, २०२० चा एम१ वाला मॅकबुक एअर बिनफॅनचा आहे आणि छोट्या प्रोजेक्टला अजून पुरतो, पण त्याचं ८ जीबीचं मॉडेल घेतलं तर ते ८ चंच राहणार हे लक्षात ठेवा.

आहे त्याच लॅपटॉपवर काम भागवायचंय? मग कार्डिऑइड माइकची पाठ लॅपटॉपकडे करा, कारण तो मागून सगळ्यात कमी ऐकतो, आणि माइकच्या जवळ या. तोंड आणि माइकमधलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तेवढा गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं बटण) कमी ठेवता येतो आणि फॅन तेवढा मागे जातो. एक पैसा न घालवता.

कॉम्प्युटरवर सगळे पैसे संपवून माइक हेडफोनच्या भोकात लावणं

इंटरफेस ही चैन नाहीये. लॅपटॉपचा ३.५ मिमीचा जॅक व्हिडिओ कॉलसाठी असतो, त्यातून ना कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज, म्हणजे फँटम पॉवर मिळते, ना इलेक्ट्रिक गिटार थेट लावायला लागणारं हाय-झी इनपुट, आणि विंडोजवर त्याला असिओ ड्रायव्हरही बहुतेक नसतो. असिओ म्हणजे स्टाइनबर्गने १९९७ साली आणलेली पद्धत, ती विंडोजचा मधला मिक्सर टाळून डॉला थेट ऑडिओच्या उपकरणाशी बोलू देते. असिओ४ऑल नावाचं जे फुकट मिळतं ते खरं तर विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेलं वेष्टन आहे, अडीनडीला ठीक. इंटरफेस घेताना बनवणाऱ्याचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर आहे का ते बघा. मॅकवर तेच काम करणारं कोअर ऑडिओ आधीपासून असतं, तिथे ही भानगड नाही.

याच्याच पोटातली अजून एक चूक. एक यूएसबी माइक आहे म्हणून दुसरा पण यूएसबीच घेणं, म्हणजे एक गळ्याला, एक गिटारला. दोघांचं मापं घेण्याचा वेग ठरवणारं आतलं घड्याळ वेगळं असतं आणि असिओमध्ये डॉ एका वेळी एकच उपकरण धरतो, तेव्हा दोन्ही एकत्र रेकॉर्ड करताना डोक्याला ताप. त्या पैशात दोन इनपुटचा साधा इंटरफेस घ्या. १९२ किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, त्याने फाइल ४८ च्या चौपट होते आणि प्रोसेसर घामाघूम, गाणं आहे तसंच राहतं.

जुनं घेताना न तपासणं

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्याच्या आधीचं मशीन स्वस्त दिसतंय ते म्हणूनच. इंटरनेट न लावता फक्त रेकॉर्डिंगला ठेवणार असाल तर चालेल, पण मग तसं ठरवून घ्या. जुना इंटरफेस फायरवायर या जुन्या जोडणीवाला असेल तर आपल्या मशीनला ते भोकच नाही, हे घरी आल्यावर कळतं. आणि विंडोजचे नवीन आर्म (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीचे) प्रोसेसरवाले लॅपटॉप, बॅटरी तासन्‌तास चालते, मान्य, पण त्यात साधी सॉफ्टवेअर जशी नक्कल करून चालतात तसे ड्रायव्हर चालत नाहीत. तुमच्या इंटरफेसचा आर्मसाठीचा ड्रायव्हर नसेल तर असिओ विसरा.

आणि हे सगळं करून पण अडलंच तर

टकटक येतेय? आधी माइक काढून नुसता रिकामा ट्रॅक रेकॉर्ड करा. आवाज गेला तर कॉम्प्युटरला दोष देण्याआधी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बघा (हसू नका, एका मित्राचा पूर्ण रविवार यात गेलाय). तरी येतच असेल तर बफर १२८ चा २५६ करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद करा, मग वायफाय बंद करून बघा.

स्वतःचा आवाज उशिरा येतोय? ब्लूटूथ हेडफोन असेल तर पुढचं काही करू नका, आधी वायरवाला लावा. वायरवाला असूनही होतंय तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरमधून न जाता आवाज थेट हेडफोनला) चालू करा आणि डॉमधलं मॉनिटरिंग बंद करा, दोन्ही चालू राहिले तर दोनदा ऐकू येईल. गाताना बफर कमी, मिक्सिंगला १०२४, असं उलटसुलट करत राहायचं, तेच बरोबर आहे. १० मिलिसेकंदांनी घाबरू नका, साडेतीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज कानापर्यंत यायला तेवढाच वेळ लागतो.

घूंऽऽ असा सलग आवाज? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगच्या वाटा एकमेकांत फिरताहेत, सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शनवर घ्या आणि इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

रेकॉर्डिंगची पट्टीच बदललेली वाटतेय? एकीकडे ४४.१ आणि एकीकडे ४८ असं झालंय, तेवढ्याने जवळजवळ दीड सेमीटोनचा (पेटीवरच्या दीड पट्टीचा) फरक पडतो. दोन्हीकडे एकच ठेवा.

इंटरफेस मध्येच गायब होतोय? हब काढा. यूएसबी २.० च्या पोर्टला ५०० मिलिअँपियरची मर्यादा असते, त्यात इंटरफेस, फँटम पॉवर, माउस आणि पेनड्राइव्ह सगळ्यांनी हात घातला तर कोण उपाशी राहणार ते उघड आहे. थेट पोर्टला लावा किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

विंडोजचं जुनं मशीन बघायला जाताना मी हल्ली लेटन्सीमॉन नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जातो. विकणाऱ्याशी गप्पा मारत पंधरा मिनिटं ते चालू ठेवायचं, मधे वायफाय चालू-बंद करायचं, एखादा व्हिडिओ लावायचा. मशीन रिअल टाइम ऑडिओला लायक आहे की नाही ते सांगतं आणि ड्रायव्हरच्या टॅबमध्ये कोण किती वेळ प्रोसेसर अडवतोय तेही दाखवतं. सगळ्यात वर वायफायचा ड्रायव्हर असेल तर मी घेतो, कारण तो रेकॉर्डिंगपुरता बंद करता येतो. ग्राफिक्सचा असेल तर चहा पिऊन परत येतो.