गोड पॉपकॉर्न सादळू नयेत म्हणून फ्रीजरमध्ये कसे ठेवायचे

मागच्या जुलैत लेकीच्या वाढदिवसाला म्हणून मी दोन दिवस आधीच गुळाचे पॉपकॉर्न करून ठेवले, मोठ्या स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, आणि वर अतिशहाणपणा म्हणून तो डबा फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात. डोंबिवलीचा जुलै म्हणजे भिंतींनासुद्धा घाम येतो, तर म्हटलं गार ठेवलेलं बरं. पोरं जमली, डबा परातीत उपडा केला, पहिली पाच मिनिटं मस्त कुरकुरीत, आणि केक कापून होईपर्यंत अख्ख्या परातीचा एकच चिकट ढेकूळ झालेला. सासूबाईंनी एक दाणा तोंडात टाकला आणि एवढंच म्हणाल्या, "सादळले."

त्यानंतर वर्षभर मी हा उद्योग बऱ्याचदा केला, कारण आता लेक पुण्याला हॉस्टेलला आहे आणि दर खेपेला डबा हवाच असतो, आणि आता माझे पॉपकॉर्न फ्रीजरमध्ये दोन-अडीच महिने आरामात टिकतात. तर काय काय करायचं ते सगळं इथे लिहिते, थोडं पाल्हाळ होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची, गोड पॉपकॉर्न उष्णतेने खराब होत नाहीत, ओलाव्याने होतात. पाक कडक होतो म्हणजे साखरेची जवळजवळ काचच तयार होते, आणि ही काच हवेतलं पाणी ओढून घेते, जरा पाणी आत शिरलं की ती मऊ, मग चिकट. आतली लाही पण तशीच, कोरडी असेपर्यंत कुरकुरीत आणि ओल शोषली की वातड. गूळ तर साखरेपेक्षा जास्त पाणी ओढतो, म्हणून पावसाळ्यात मी अर्धा गूळ अर्धी साखर घेते, चव गुळाचीच लागते आणि टिकतात जास्त. आणि फ्रीजरचा उपयोग कशाला, तर आत बंद पिशवीत ओलावा जवळजवळ पोचत नाही आणि तूप किंवा बटर खवट व्हायचं लांबतं. पण हे सगळं पिशवी बंद असेपर्यंतच, लेकीच्या वाढदिवसाला गार डबा थेट परातीत उपडा केला, ती माझी चूक हीच.

करतानाच अर्धं काम होतं. ज्याचा पाक कच्चा राहिला त्याचे पॉपकॉर्न जगातल्या कुठल्याही फ्रीजरमध्ये कुरकुरीत राहणार नाहीत, ते बाहेर आले की चिकटच. माझं माप असं, १०० ग्रॅम मक्याचे दाणे, त्याच्या साधारण बारा-चौदा कप लाह्या होतात, त्याला १५० ग्रॅम गूळ-साखर मिळून, दोन मोठे चमचे तूप, चिमूटभर मीठ आणि पाव छोटा चमचा खायचा सोडा. लाह्या फोडताना पातेल्याचं झाकण किंचित तिरकं ठेवायचं म्हणजे वाफ बाहेर जाते, घट्ट झाकलं तर तीच वाफ लाह्यांवर बसते आणि सुरुवातीलाच गडबड. फुटून झाल्या की परातीत ओतून हलक्या हाताने हलवायचं, न फुटलेले गणंग जड असतात ते खाली बसतात, वरच्या लाह्या उचलून घ्यायच्या आणि गणंग तिथेच सोडायचे. हे नीट करा, कारण पाकात बुडालेला गणंग ओळखू येत नाही आणि दाताखाली आला की दात जातो. तसंही चार वर्षांच्या आतल्या पोरांना पॉपकॉर्न देऊच नका, घशात अडकतात.

पाकासाठी चिक्कीचा गूळ मिळाला तर उत्तम. जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ, साखर आणि दोन चमचे पाणी, मंद आचेवर. आता बघायचं कधी झालं ते, एक वाटी गार पाणी शेजारी ठेवायचं आणि पाकाचा थेंब त्यात सोडायचा. पहिल्यांदा तो पाण्यात पसरतो. मग मऊ गोळी होते, बोटाने चेपते, लाडवाला लोक इथेच थांबतात. आणखी दोन-तीन मिनिटांनी गोळी टणक होते, पण दाताने चावली तर दाताला चिकटते, अजून नाही. आणि मग एक वेळ अशी येते की थेंब पाण्यात पडताच कडक होतो, बाहेर काढून वाटीच्या कडेवर टाकला तर टण्ण वाजतो आणि वाकवला तर वाकत नाही, कट्कन मोडतो. तीच वेळ. थर्मामीटर असेल तर १४५ अंशांच्या आसपास. त्यानंतर अर्धं मिनिट जरी फोनकडे बघितलं तर कडवट होणार, हे मी स्वतःच्या जिभेने सांगते. गॅस बंद करून सोडा टाकायचा, पाक फसफसून फिकट होतो आणि फुगतो, त्यात हवेचे बुडबुडे अडकतात म्हणून नंतर चावायला खुसखुशीत लागतो, दगडासारखा नाही. लगेच लाह्या टाकून दोन कालथ्यांनी खालीवर. हाताने नाही, प्लीज, उकळत्या पाण्यापेक्षा हा पाक कितीतरी जास्त गरम असतो आणि कातडीला चिकटून बसतो.

आता ओटीजी ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक काम जास्तीचं करायचं, ट्रेमध्ये बटर पेपरवर पसरून ११० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवायचं आणि दर दहा-बारा मिनिटांनी हलवायचं. उरलासुरला ओलावा निघून जातो आणि फरक जाणवतो, टिकण्यात तर नक्कीच. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पाक नीट कडक करण्यावर भर द्यावा, चालतं. एअर फ्रायरमध्ये सुट्ट्या लाह्या टाकू नका, त्या हलक्या, उडून वरच्या कॉइलला लागतात.

मग येतो गार करायचा प्रश्न आणि इथे जरा पेच आहे. गरम पॅक केले तर आतल्या आत वाफ धरते, पिशवीच्या आतून बारीक थेंब दिसतात, झालं कल्याण. आणि अगदी गार होऊ देत म्हणून दोन तास पंख्याखाली ठेवले तर पावसाळ्यात तोच पंखा ओली हवा त्यांच्यावर मारत बसतो. मी काय करते, एका थरात पसरते, गोळे झाले असतील ते सुट्टे करते, आणि मधला एक दाणा ओठाला लावून बघते, हाताला कोमटपणा लवकर कळत नाही, ओठाला कळतो. गरम लागायचं थांबलं की लगेच भरायला घ्यायचं, पंधरा-वीस मिनिटं लागतात साधारण. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे कोरड्या हवेत तासभर राहिले तरी काही बिघडत नाही, हा सगळा आटापिटा कोकणपट्टीवाल्यांसाठी आणि पावसाळ्यासाठी.

भरायचं कसं, तर मोठ्या डब्यात सगळे एकत्र कधीच नाही. एका बसणीला संपतील एवढ्याच पिशव्या, आमच्याकडे चौघांना दोन-अडीच कपांची एक. झिपवाली जाड पिशवी घ्यायची, साध्या दुधाच्या पिशव्या धुऊन वापरायची काटकसर इथे नको, त्यांचं तोंड नीट बंद होत नाही. झिप जवळजवळ सगळी लावायची, कोपऱ्यात स्ट्रॉ घालून आतली हवा तोंडाने ओढून घ्यायची, फार जोरात नाही, नाहीतर लाह्यांचा चुरा, मग स्ट्रॉ पटकन काढून कोपरा बंद. या पिशव्या एका टणक डब्यात रचायच्या आणि डबा फ्रीजरमध्ये. डबा कशासाठी, एक म्हणजे वर कुणीतरी बर्फाचा ट्रे आपटतोच, आणि दुसरं म्हणजे वास. आमच्या फ्रीजरमध्ये आलं-लसणाची पेस्ट असते, रविवारचे बोंबील असतात, आणि तूप-बटरला दुसऱ्याचा वास धरायची भारी हौस. नुसत्या पिशवीत ठेवलेले पॉपकॉर्न मी एकदा लेकीला पाठवले तर तिने फोन करून विचारलं, आई हे मासळीच्या फ्लेवरचे आहेत का.

पिशवीवर तारीख टाका. मार्करने पिशवीवर लिहिलेलं पुसतं, कागदी टेपवर लिहून चिकटवा. आपल्याला वाटतं लक्षात राहील, राहत नाही.

जुना सिंगल डोअर फ्रीज असेल, ज्यात बर्फाचा डोंगर साचतो, तर डबा त्या बर्फाला टेकवून ठेवू नका, आणि फ्रीज डीफ्रॉस्ट करायच्या दिवशी डबा तसाच बंद बाहेर ठेवा. लाइट जाते तिथे थोडं सांभाळून, एक-दोन तास गेली तर न उघडता चालतं, पण रोजच सहा-सहा तास जात असेल तर फ्रीजरच्या नादी न लागता बाहेरच घट्ट बरणीत ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा. बाहेर ठेवायचे असतील तर काचेची रबरवाली बरणी, आणि मिठाच्या डबीत आपण तांदूळ टाकतो ना तसंच, मूठभर तांदूळ कोरडे भाजून, गार करून, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून वर ठेवायचे. बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या पुड्या खाण्यात टाकू नका, खाद्यपदार्थांसाठीच्या वेगळ्या मिळतात त्या घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर काढणं. निम्मे लोक इथे हरतात आणि मग म्हणतात फ्रीजरने वाट लावली. पिशवी बाहेर काढली की दोन मिनिटांत तिच्यावर बाहेरून दव धरतं, बघा नीट, आधी धुरकट होते, मग बारीक थेंब, मग थेंब एकमेकांत मिसळून ओघळायला लागतात. मुंबईच्या पावसाळी हवेत एवढं पाणी असतं की २५ अंशांच्या खालची कुठलीही वस्तू अशी घामाघूम होते. तुम्ही तेव्हाच पिशवी उघडली तर हेच पाणी बाहेरच्या प्लॅस्टिकऐवजी आतल्या पाकावर बसणार. म्हणून पिशवी न उघडता ओट्यावर ठेवायची, पाऊण तास, आणि बाहेरचं पाणी आपोआप सुकून पिशवी हाताला घरातल्या भांड्यांइतकीच लागायला लागली की फडक्याने पुसून मगच उघडायची. पोरं तेवढा वेळ दम धरत नाहीत हे मान्य आहे, तर एक पिशवी त्यांना तशीच गार द्या, पॉपकॉर्नमध्ये पाणी जवळपास नसतंच त्यामुळे ते गोठून दगड होत नाहीत, गारेगार खायला उलट मजा येते, फक्त दोन मिनिटांत संपवायचे आणि उरलेले परत फ्रीजरमध्ये टाकायचे नाहीत. एकदा उघडलेली पिशवी परत आत नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे.

एवढं करूनही मऊ पडले तर टाकू नका. ओटीजीत ११० वर आठ-दहा मिनिटं, किंवा खाली तवा ठेवून जाड कढईत अगदी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं हलवत राहायचं. गरम असताना ते मऊच लागतील, घाबरून आणखी भाजत बसू नका, गार झाले की कडक होतात. मायक्रोवेव्ह नको, पाक एका जागी करपतो आणि दुसरीकडे चिकटच राहतो.

लाडू करत असाल, म्हणजे पॉपकॉर्नचे वळलेले, तर नियम थोडे वेगळे. तुपाचा हात लावून वळायचे, गार करायचे, मग ताटात सुट्टे ठेवून तासभर फ्रीजरमध्ये, टणक झाले की एकेक बटर पेपरात गुंडाळून पिशवीत. टणक व्हायच्या आधीच पिशवीत भरले तर एकमेकांवर दाबून आकार जातो. बाहेर काढल्यावर यांना दीड तास तरी द्या, आतला गारठा जायला वेळ लागतो. आपले राजगिऱ्याचे, चुरमुऱ्याचे लाडू पण याच पद्धतीने राहतात, नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या जास्त झाल्या की मी त्यांचेही गुळात लाडू करते, श्रावणात बाहेर ते चार दिवसही धड राहत नाहीत. चॉकलेट सोडलेले पॉपकॉर्न असतील तर दवाचं पथ्य दुप्पट पाळा, पाणी लागलं की चॉकलेटवर पांढरट डाग येतात, खायला चालतात पण कुणाला द्यायची लाज वाटते. दाणे, काजू, खोबरं घातलेले आधी संपवा, दीड महिन्याच्या वर नको, त्यातलं तेल खवट होतं.

आणि कच्चे मक्याचे दाणे मात्र फ्रीजरमध्ये ठेवू नका. दाण्यात साधारण चौदा टक्के पाणी असतं, त्याची वाफ होते म्हणून तर तो फुटतो, फ्रीजरमध्ये ते हळूहळू सुकतात आणि मग गणंगच गणंग. घट्ट बरणीत फडताळात ठेवायचे. सुकलेच असतील तर तीन कप दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घालून बरणी हलवा आणि तीन-चार दिवस तशीच ठेवा, रोज एकदा हलवत, बरेचसे परत फुटायला लागतात.

पिशव्यांच्या तळाला जो चुरा उरतो तो वेगळ्या छोट्या डब्यात साठवून फ्रीजरमध्येच ठेवते मी, व्हॅनिला आइस्क्रीमवर घालायला. आमच्याकडे तो डबा भरलेला मी अजून पाहिलेला नाही, रात्री अकरानंतर फ्रीजरचं दार वाजतं एवढंच ऐकू येतं.