बास्केटबॉल टीम एकट्याच्या जिवावर चालतेय का? हे असं तपासा

आधी स्कोअरशीटवरचे पॉइंट्स बघणं सोडा. एकाने 30 मारले म्हणजे टीम त्याच्यावरच अवलंबून आहे असं नसतं आणि 15 च मारले म्हणजे सगळं आलबेल आहे असंही नाही. खरा प्रश्न हा की तो बेंचवर बसला की बाकीच्यांना काय करायचं ते सुचतं का.

थोडी आकडेमोड करावी लागेल. त्याने घेतलेले शॉट, त्यात फ्री थ्रो (फाउल झाल्यावर मिळणारे मोकळे शॉट) गुणिले 0.44 आणि त्याचे टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल घालवला तो) मिळवा, मग तीच बेरीज पूर्ण टीमची करा, पण तो कोर्टवर असतानाचीच हां, नाहीतर टक्का उगाच कमी दिसतो. मग त्याची बेरीज टीमच्या बेरजेच्या किती टक्के ते काढा. समजा तो पूर्ण मॅच खेळला, त्याचे 22 शॉट, 8 फ्री थ्रो, 5 टर्नओव्हर म्हणजे साधारण 30.5, आणि टीमचे 60, 20, 15 म्हणजे 83.8, तर झाले 36 टक्के. पाच जणांत सारखा वाटा 20 चा असतो, त्यामुळे 30 च्या वर गेलं की मी तरी सावध होतो. एनबीए या अमेरिकन लीगमधल्या रसेल वेस्टब्रूकचा 2016-17 चा आकडा 41 च्या पुढे होता, सीझनभर ट्रिपल-डबलची सरासरी (पॉइंट्स, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा वर), एमव्हीपी म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताबसुद्धा मिळाला, पण त्याची टीम ओक्लाहोमा सिटी प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला 4-1 ने घरी गेली.

आता व्हिडिओ. माझ्या मते खरं उत्तर इथेच मिळतं. शॉट क्लॉक (शॉट घ्यायला मिळणारे सेकंद मोजणारं घड्याळ) 24 वरून 12 वर आलं की पॉज करा आणि बॉलकडे बघूच नका, बाकी चौघांकडे बघा. कॉर्नरला उभा असलेला प्रत्येक जण रिकामटेकडा नसतो, गुडघे वाकलेले, हात छातीजवळ तयार असतील तर तो कामावर आहे, पण हात कमरेवर आणि नजर नुसती स्टारकडे असेल तर तो प्रेक्षक झालाय. त्याला गार्ड करणारा कुठे आहे तेही बघा, तो बिनधास्त पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या भागात, येऊन उभा असेल तर समोरच्या टीमनेसुद्धा ओळखलंय की पास तिकडे जाणारच नाही. असे वीसेक पझेशन (बॉल टीमकडे असण्याची एकेक पाळी) बघितले की चित्र स्पष्ट होतं.

मग तो बसलेला असतानाची मिनिटं वेगळी काढा, तेवढ्यात स्कोअर कितीने बदलला ते लिहा. एका मॅचवरून काही ठरवू नका, पाच-सहा तरी घ्या. भरपूर पास देणारा स्टार असला तरी ही तपासणी सोडायची नाही, कारण सगळे पास एकाच्याच हातून निघत असतील तर तेही अवलंबूनच राहणं झालं.

अडचण सापडली म्हणून स्टारचे शॉट तोडू नका प्लीज, त्याचा काही दोष नसतो. मायकल जॉर्डनने 1986-87 ला मॅचमागे सरासरी 37.1 पॉइंट्स काढले तरी त्याच्या शिकागो बुल्सना बॉस्टनने प्लेऑफमध्ये 3-0 ने उडवलं, पुढे कोच फिल जॅक्सनच्या ट्रँगल नावाच्या अटॅकमध्ये बॉल सगळ्यांत फिरायला लागला आणि 1991 ला टायटल आलं, तेव्हाही जॉर्डनची सरासरी 30 पॉइंट्सच्या वरच होती. प्रॅक्टिसला दहा मिनिटं एकच नियम लावा, स्टारला दोनच ड्रिबल, आणि पास दिल्यावर लगेच दुसऱ्यासाठी स्क्रीन लावायचा, म्हणजे त्याला गार्ड करणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं. सुरुवातीला टर्नओव्हर खूप होतील, तरी थांबवू नका.